पितळी रिंगांचा बोर्ड

बूढ़ापारा, रायपूर
२२ एप्रिल २००२

आत्या, जय भीम.

चौदा एप्रिलले ऐन कार्यक्रमात मंडपवाल्याची आवाज मोठा करायची नवी मशीन जळाली. त्यानं स्टेजखालून एक जुना, काचेच्या वाल्व्हचा डबा ओढून काढला, त्याच्यावरची जाळी गमछ्यानं पुसली, अन् सोनियानं त्यात आपल्या गिटारची वायर खुपसली. बस. त्या घडीपासून माझं सारं बदललं.

तुले कसं सांगू? आधी डब्यात वाल्व्ह पेटले, समईच्या वाती पेटतात तसे सावकाश. मग तिनं सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं. आजवर मी गिटार ऐकली ती नव्या मशीनमधून, म्हणजे पत्र्यावर खडे. हा आवाज गरम होता आत्या. गरम, जाड, काठाले जरासा फाटलेला, भरपूर रडून मोकळ्या झालेल्या माणसाचा असते तसा. भीमगीतं गायले आलेल्या बाया मघापासून बडबड करून राहिल्या होत्या, त्या वळून पाहायले लागल्या. मीराबाई काकू तर चिवड्याची मूठ तोंडापाशी धरून तशीच बसली.

सोनिया म्हणजे शंकर नगरच्या मेश्राम साहेबाची पोट्टी. तिचे बाबा भिलाईच्या प्लांटात आहेत. मराठी सारं समजते, जवाब हिंदीत देते. कार्यक्रम संपल्यावर ती मंडपवाल्याच्या मागं लागली, "भैया, बेच दो ना." तो म्हणे, "दीदी, ये मेरे बाप की निशानी है." तिचं तोंड इतकंसं झालं. ते पाहून माझ्या तोंडातून निघालं, "मैं बना दूँगा." तिनं माझ्याकडं पाहिलं. "सच्ची, भैया?" त्या 'भैया'कडं मी सध्या दुर्लक्ष करून राहिलो.

मी कॉलेज सोडल्याचं बाबानं तुले कळवलंच असंल. त्याचं एकट्याचं ऐकू नको. प्रॅक्टिकलमध्ये माझं रीडिंग खरं होतं, सरांच्या जुन्या जर्नलशी जुळत नव्हतं, म्हणून त्यांनी पान फाडलं. मी बाहेर निघालो अन् दार असं आपटलं की वरची काच खाली आली. आता बाबा माझ्याशी बोलत नाही. आईच्या मार्फत बोलते. मी समोर बसलो असतो अन् तो म्हणते, "त्याले सांग, पंखा बंद कर."

तू रेडिओ स्टेशनात वाल्व्हच्या सोबतीनं जिंदगी काढली. मले भंगारातून वाल्व्ह मिळाले, एका रेडिओग्रामचे ट्रान्सफॉर्मर मिळाले. पण हे सारे पुर्जे ज्याच्यावर बसवायचे तो बोर्ड कुठंच नाही. राजधानी झाल्यापासून इथं कॉम्प्युटरचे बोर्ड मिळतात, वाल्व्हचा मागितला की दुकानदार हसते. कसा बनवू, लिही. हे सारं फक्त आवाजासाठी आहे. दुसरं काही नाही.

तुझा
धम्मदीप

•

नागपूर
२ मे २००२

चि. दिपू, जय भीम.

पत्र मिळालं. फक्त आवाजासाठी म्हणतोस, पण पत्रात डबा कमी आणि सोनिया जास्त आहे. असू दे. माझ्या वयात हसायला निमित्त लागतं.

कॉलेजच्या दाराची काच तू फोडलीस, इकडे तुझ्या आजोबांनी पाटलाच्या वाड्याचं दार फोडलं होतं. त्यांना कारण मोठं होतं. तुझं कारण मोठं की छोटं, हे तू पुढे काय करतोस त्यावर ठरेल.

आता कामाचं. वाल्व्ह म्हणजे पेटती चूल. तो बोर्डावर बसवायचा नाही. त्याची बैठक लोखंडी पेटीला ठोकायची आणि बोर्ड बाजूला ठेवून तिथून वायर न्यायची. बोर्ड जाड बेकेलाइटचा घे, जुन्या स्विचांना असायचं त्या कडक प्लॅस्टिकचा. त्याला भोकं पाड, भोकात धातूच्या रिंगा ठोक, बुटाच्या नाडीला असतात तशा. पुर्ज्याचे पाय त्या रिंगेत घालून सोल्डरनं झाळायचे. पन्नास वर्षं हलणार नाही. सोबत माझ्या हातचा एक जुना बोर्ड पाठवते आहे. बघ आणि परत पाठव. मला त्याची माया आहे.

दुसरं, आणि हे भिंतीवर लिहून ठेव. डब्यात तीनशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते लगेच जात नाहीत. चालू डब्यात हात घालायचा तर एकच. दुसरा खिशात. दोन्ही हात घातलेस की करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसरीकडे निघतो. आमच्या ट्रान्समीटरच्या खोलीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याचे खिसे तपासायचे, फाटके तर नाहीत ना म्हणून. मी तर साडीला खिसा शिवून घेतला होता. स्टेशनात सगळे हसले. मग दुसऱ्या बाईनंही शिवला.

तुझी आत्या
सरिता

•

बूढ़ापारा, रायपूर
१९ मे

आत्या,

रागावू नको. तुझं पत्र येईपर्यंत माझ्यानं राहवलं नाही. मी तांबं चढवलेली पातळ प्लेट आणली, तिच्यावर नेलपॉलिशनं नक्शा काढला अन् तेजाबाच्या पाण्यात बुडवली. नेलपॉलिश घ्यायले गेलो तर दुकानदार म्हणे, "किसके लिए, हीरो?" त्याची कॉलर धरणार होतो, पण शेड तोच दाखवून राहिला होता. नेलपॉलिशखालचं तांबं राहिलं, बाकीचं विरघळलं. देखणा बोर्ड निघाला! वाल्व्हच्या बैठका त्याच्यावरच झाळल्या. डबा पेटला, मागून आणलेल्या गिटारीची एक तार वाजली, अन् मग जळका वास. तांब्याच्या पट्ट्या तव्यावरच्या पापुद्र्यासारख्या उठल्या. मी गडबडीत दोन्ही हात घातले. काय झालं ते नाही सांगत. आई अजूनही माझ्या अंगावरून मीठमोहऱ्या ओवाळून राहिली, एवढं समज.

अन् दुसऱ्या दिवशी तुझं पार्सल आलं.

आत्या, तू हे हातानं बनवलं? मी अर्धा दिवस नुसता पाहून राहिलो होतो. एकही वायर वाकडी नाही, जणू शाळेत प्रार्थनेले उभ्या केल्या आहेत. झाळणीचा एकेक थेंब भिजवलेल्या साबुदाण्यासारखा, फुगीर अन् चकचकीत. मागची बाजू पाहिली तर ती पुढच्याहून साफ! जी बाजू पेटीत झाकली जाणार, कोणीच पाहणार नाही, ती काहून इतकी साफ ठेवली? मले कॉलेजात दीड वर्षात असं एक काम कोणी दाखवलं असतं तर मी दार आपटलंच नसतं.

सोनियालेही नेऊन दाखवला. ती बराच वेळ त्या थेंबांवरून बोट फिरवत राहिली. म्हणे, "ये तो रियाज़ है." तिले गिटारीवर एकच ओळ सकाळभर घोटताना मी ऐकलं आहे, म्हणून मले तो शब्द समजला. पण लगेच म्हणे, "भैया, आपकी बुआ जी कमाल हैं." मी तिले सांगितलं, भैया नको म्हणू. ती म्हणे, "तो क्या अंकल बोलूँ?" आता तूच सांग.

मग मी जोशात आलो. मोटारीची वाइंडिंग भरणाऱ्या मारोतीकडून बेकेलाइटचा तुकडा आणला. रिंगा बुटांच्या कारागिराकडून आणल्या, त्याच्याच पंचनं ठोकल्या. दिसायले अगदी तुझ्यासारखा बोर्ड. पण झाळणी चिकटत नाही! अळवाच्या पानावरून पाणी जाते तशी घरंगळून जाते. मी झाळायचं लोखंड जास्त तापवलं, घासून पाहिलं, शेवटी बोर्ड भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा पडला. बाबा आईले म्हणे, "त्याले सांग, क्वार्टर सरकारी आहे."

तुझी झाळणी काहून चिकटते? लवकर लिही.

धम्मदीप

•

नागपूर
१० जून

दिपू,

अक्षर वाकडं आलंय, चष्मा बदलायचा आहे.

बुटाच्या रिंगा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात रे खुळ्या. अ‍ॅल्युमिनियमला झाळणी धरत नाही, तू त्याच्यावर किती का रागावेनास. पितळ पाहिजे. नखानं खरवडलं की पिवळं निघतं ते. चूक माझीही आहे. मी नुसतं बुटासारख्या लिहिलं, कारण माझ्या काळी बुटालाही पितळच असायचं.

माझ्याकडे एकही शिल्लक नाही. तुझ्या बापाला विचार. देवीदासनं नोकरीभर फाईलींना नाड्या ओवल्या आहेत. नाडीच्या भोकाला काय असतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? एकाच घरात दोन माणसं आणि मधे आईचा टेलिफोन, हे किती दिवस चालणार?

आणि एक विचारू? तिला हा डबा कशासाठी हवा आहे, हे तू तिला कधी विचारलंस का?

बोर्ड परत पाठवायची घाई नाही.

सरिता आत्या

•

बूढ़ापारा, रायपूर
२ ऑगस्ट

आत्या,

तू विचार म्हटलं म्हणून विचारलं. न विचारतो तर बरं होतं.

आधी रिंगांचं सांगतो. बाबाले विचारलं नाही. त्यानं आधी बोलावं, मग पाहू. सारं रायपूर पालथं घातलं. तिरपालवाल्याकडं पितळी मिळाल्या, पण त्यातून माझा अंगठा जाते. सोनिया पण सोबत फिरून राहिली होती, तिच्या स्कूटीवर, मी मागं बसलेला. तेव्हा वाटे, रिंगा कधी मिळूच नये.

मग तलावाकाठी भेळ खाता खाता विचारलं, डबा कशासाठी? म्हणे, पुण्यात एक गाण्याचा ग्रुप आहे, त्यांले गिटारवाली पाहिजे. डिसेंबरच्या आत कॅसेट पाठवायची. नव्या मशीनवर तिनं आवाज भरून पाहिला, तिले तो स्वतःचा वाटला नाही. त्या डब्यातून निघाला तो तिचा होता. "कैसेट में वो आवाज़ गई ना भैया, तो मेरा सिलेक्शन पक्का." सिलेक्शन झालं की पुणे. रायपूर खलास.

समजलं आत्या? मी जितका चांगला डबा बनवीन तितकी ती लवकर जाईन. मीच बनवू अन् मीच स्टेशनवर पोचवू? मी भेळेचा कागद तिथंच फेकला अन् पायी घरी आलो. ती मागून हाका मारत राहिली. बेकेलाइट, वाल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सारं माळ्यावर टाकलं. तुझा बोर्ड तेवढा खाली ठेवला आहे, कपड्यात गुंडाळून.

एकदा मनात आलं की डबा बनवून द्यावा, पण आत एक पुर्जा उलटा लावावा. घरघर करंल, कॅसेट खराब निघंल. तूच शिकवलं ते सारं वापरून हे करता येते. करू का? तू म्हणशील ते मले माहीत आहे. म्हणू नको.

धम्मदीप

•

नागपूर
८ सप्टेंबर

चि. धम्मदीप यांस,

हे पत्र आत्या सांगते आहेत आणि मी, शेजारची क्षमा, लिहिते आहे. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यापासूनच त्यांना नीट दिसत नव्हतं. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या होत्या. आता काळजी नाही. पुढचं त्यांचे शब्द:

तू म्हणू नको म्हणतोस ते मी म्हणत नाही. पुर्जा उलटा लाव. तुझा डबा, तुझा पुर्जा. फक्त एवढं लक्षात ठेव, डबा घरघरला म्हणून पोरगी थांबत नसते. ती दुसऱ्या कोणाचा तरी डबा शोधते.

तू विचारलं होतंस, झाकली जाणारी बाजू मी साफ का ठेवली. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. ट्रान्समीटरच्या खोलीत आम्ही बसायचो तिथे गाणं ऐकू येत नाही, नुसती घूं घूं. गाणं पुढे गोंदियाला, चांद्याला, कुठल्या तरी शेतात पोचायचं. ऐकणाऱ्याला आमचं नावही माहीत नसायचं. पण त्या घूं घूं मध्ये जरासा फरक पडला की मी जेवणावरून उठायची. का, ते मला सांगता येत नाही. कोणीतरी दूर ऐकतंय आणि ते माझ्या हातातून जातंय, याचा मला फार माज होता. बाकीच्या बाया दागिने मिरवायच्या, मी तो माज मिरवायची.

तो बोर्ड परत पाठवू नकोस. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा स्वतःचे हात पाहिले. हे आता काही झाळू शकणार नाहीत. तुझ्याकडे राहू दे.

(आत्या आता हसून म्हणताहेत की, त्याला लिही, उलटा पुर्जा लावलास तर मी नागपूरहून येऊन कान धरीन. आता मला दिसतं. क्षमा)

•

बूढ़ापारा, रायपूर
२० नोव्हेंबर २००२

आत्या, जय भीम.

तुले दिसत नव्हतं अन् मी पानंच्या पानं लिहून तुले वाचायले लावून राहिलो होतो. मी तुझ्या वाकड्या अक्षरावर हसलोही होतो. जाऊ दे, भेटल्यावर कान धर, दोन्ही.

तुझं पत्र आलं त्याच हप्त्यात एक दिवस जेवताना बाबानं खिशातून पुडी काढली अन् ताटाजवळ ठेवली. आईले म्हणे, "त्याले सांग, हे पितळ आहे." उघडली तर रिंगा. बारीक, पिवळ्या, अगदी तुझ्या बोर्डावर आहेत त्या मापाच्या! मी नखानं खरवडून पाहिलं. पिवळंच. बाबाले माप कोणी सांगितलं? मले आता तुम्हा बहीणभावावर डाऊट आहे.

दुसऱ्या दिवशी तो मले पुरानी बस्तीत एका बाइंडरकडं घेऊन गेला. सायकलवर तो पुढं, मी मागं. त्या बाइंडरकडं 'मध्यप्रदेश शासन' छापलेल्या कोऱ्या फाईलींचे गठ्ठे छतापर्यंत लागले आहेत. राज्य बदललं, त्या फाईली आता कोणाच्याच नाहीत. पण त्यांले लावायच्या रिंगा डबाभर शिल्लक होत्या. रिंगेले काय, मध्यप्रदेश काय अन् छत्तीसगढ काय. त्याच्याकडं पायानं दाबायची मशीन आहे, रिंग बसवायची. मी बेकेलाइट तिच्याखाली धरलं अन् जोरात पाय मारला. बोर्डाचा कोपराच उडाला. माझं डोकं फिरलं, मी तो तुकडा फेकणारच होतो, तर मागून आवाज आला, "पाय सावकाश दे. फाईल नाही ते."

आई तिथं नव्हती आत्या. तो मलेच बोलला.

नवा तुकडा कापला. तो रिंग ठेवे, मी पाय देई. नोकरीभर फाईली हाताळून त्याच्या बोटांले इतकं येते, हे मले माहीतच नव्हतं. रिंग अशी ठेवे की एक केसभर इकडं नाही, तिकडं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही इंजिनिअर व्हायले पाहिजे होतं." तो म्हणे, "मी तेच तुले म्हणून राहिलो होतो."

मग घरी झाळायले बसलो. चिकटली! पहिला थेंब रिंगेत उतरला, फुगला अन् तसाच चमकत राहिला. साबुदाणा. पाच-सहा वाया गेले, मग हात बसला. मागची बाजू पुढच्याहून साफ नाही झाली, खोटं काहून बोलू, पण बरोबरीची झाली. सारे पुर्जे सरळ लावले. उलटा लावायचा तो पुर्जा हातात घेऊन बसलो होतो, हे खरं. त्या बोर्डावर एक वाकडी गोष्ट बसवायले मग मलेच लाज वाटली. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठीही नाही. बोर्डच तसा झाला होता.

डबा पेटवताना मी बाबाले नियम सांगितला, एक हात खिशात. त्याच्या पायजम्याले खिसा नाही. त्यानं हात बनियनमध्ये खुपसला अन् तसाच उभा राहिला, फोटोतल्या पुढाऱ्यासारखा. आई हसून हसून खाली बसली.

आता काल दुपारचं. विहाराच्या मागच्या खोलीत सोनियानं कॅसेट भरायचं ठरवलं होतं, मले मीराबाई काकूकडून समजलं. ऑगस्टपासून मी तिले तोंड दाखवलं नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर डबा बांधून नेला. ती दारातच होती. म्हणे, "भेल का कागज़ उठा के मैंने कूड़ेदान में डाला था. इतना गुस्सा?" मी म्हटलं, "डब्बा लाया हूँ." तिनं मागचा पत्रा उघडायले लावला. बोर्ड पाहिला. बोट फिरवलं, तुझ्या बोर्डावर फिरवलं होतं तसंच.

मग वायर खुपसली. वाल्व्ह सावकाश पेटले. तिनं जाड तारेवर बोट ठेवलं.

आत्या, तोच. तोच गरम, जाड, काठाले फाटलेला. पण मंडपातल्याहून साफ. ती डोळे मिटून वाजवून राहिली होती अन् मी भिंतीले टेकून उभा. त्या वक्ताले मले राग कसा येते हेही आठवत नव्हतं. ती जाईन, हे दिसून राहिलं होतं. असा वाजवणारा माणूस बूढ़ापाऱ्यात कसा मावंल? अन् ते पुण्यात जाणारं सारं त्या रिंगांतून जाऊन राहिलं होतं, माझ्या हातच्या. तू लिहिलं होतं तो माज. तो मले आला.

ती थांबली. टेप मागं घेऊन कानाले लावला, ऐकला अन् माझ्याकडं पाहून हसली. म्हणे, "इसमें तुम्हारी साँस आ रही है."

मी श्वास धरून उभा राहिलो. दुसऱ्यांदा वाजवलं. परत ऐकला. "अब भी आ रही है. इतनी ज़ोर से कौन साँस लेता है?" बाहेर गल्लीतून स्कूटरही गेली.

मी म्हटलं, "मी बाहेर उभा राहतो. गल्लीत कोणाले हॉर्न वाजवू देत नाही."

तिनं पहिली कॅसेट काढून पर्समध्ये टाकली, दुसरी लावली. मी म्हटलं, ती खराब आहे, तिच्यावरच भर. ती म्हणे, "वो मैं रखूँगी." अन् मग, तार जुळवता जुळवता, वर न पाहता, "धम्मदीप, दरवाज़ा बंद करते जाना."

भैया नाही म्हटलं, आत्या.

मले लई काही बोलायचं होतं. ऑगस्टपासून घोकलेलं होतं. पण डबा चालू होता, वाल्व्ह तापले होते, अन् तिचं बोट तारेवर होतं. मी एक हात खिशात घातला, बाहेर आलो, अन् दुसऱ्या हातानं सावकाश, कडीचाही आवाज न करता, दार लावलं.